वाचकांचे प्रश्न : स्वमग्न मुलाची नजर, त्याचा वेळ आणि त्याचा मेंदू

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांना माणसांत मिसळताना अडचण येते, ती मेंदूत नेमकी कुठून येते? मेंदूत ‘सामाजिक वागण्याचं’ एखादं बटण नसतं, त्यामुळे तेच बिघडलंय असंही म्हणता येत नाही. समोरच्याचा चेहरा, आवाज, हातवारे, शब्द आणि त्यामागचा हेतू हे सगळं सेकंदाच्या आत जुळवावं लागतं. या मुलांचा मेंदू ते वेगळ्या रीतीने जुळवतो आणि त्याला त्यासाठी बरेचदा जास्त कष्ट पडतात. ‘स्वमग्न’ या शब्दातून मूल स्वतःतच रमलंय असा अर्थ निघतो. तो या मुलांवर अन्याय करणारा आहे. शब्द रुळला आहे म्हणून वापरतो आहोत, एवढंच.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. थेरपीत त्याची हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ म्हणतात आणि घरीही तसंच करायला सांगतात. तो रडतो, मान झटकतो. करत राहू का? – एक आई, नाशिक

हनुवटी धरणं आजच थांबवा. कारण सांगतो.

कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे. त्याला अमिग्डला म्हणतात. ‘हे महत्त्वाचं आहे, सावध हो’ असा इशारा देणं हे त्याचं एक काम. माणसाचे डोळे हा त्याच्यासाठी फार जोरदार संकेत असतो. २००५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्वमग्न मुलांना चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून, ती नेमकी कुठे बघतात आणि त्याच वेळी मेंदूत काय चालतं, हे एकत्र मोजलं गेलं. मूल डोळ्यांकडे जितका जास्त वेळ बघत होतं, तितका अमिग्डला जास्त पेटत होता. २०१७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात सहभागी व्यक्तींना चेहऱ्याच्या डोळ्यांवरच नजर ठेवायला लावलं, तेव्हाही स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतला, अमिग्डला ज्यात येतो तो खोलवरचा मार्ग इतरांपेक्षा जास्त चेतवला गेला. म्हणजे नजर वळवणं हा अनेकांसाठी स्वतःला शांत ठेवण्याचा उपाय असतो. हनुवटी धरली की तुम्ही तो उपाय काढून घेता.

चेहरा ओळखणारा भाग मेंदूच्या खालच्या बाजूला असतो. पूर्वी वाटायचं की या मुलांमध्ये तो कामच करत नाही. पुढे दिसलं की नजर चेहऱ्यावर राहील अशी सोय केली की तो भाग नीट कामाला लागतो. यंत्रणा आहे, पण तिला पुरेसा माल पोहोचत नाही.

सगळीच मुलं त्रास होतो म्हणून नजर टाळत नाहीत. काहींना चेहऱ्यापेक्षा पंखा जास्त खेचून घेतो, बाकी काही नाही. फरक ओळखता येतो. मूल डोळे मिटतं, मान झटकतं, रडतं तेव्हा त्याला त्रास होतोय. शांतपणे दुसरीकडे बघत राहतं तेव्हा लक्ष तिकडे आहे. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो.

त्याऐवजी असं करून बघा. समोरासमोर न बसता कोनात बसा. साबणाचे फुगे दोन-तीन वेळा उडवा, मग काडी तोंडाजवळ धरून थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा, बोलू नका. त्याने हात पुढे केला, आवाज काढला, निसटतं बघितलं, यातलं काहीही झालं की त्याच क्षणी फुंका. उशीर झाला तर ‘मी काहीतरी केलं म्हणून फुगा आला’ ही गाठ मेंदूत बसत नाही. नजर मिळाली तर आनंद आहे, पण फुगा नजरेवर अडवून ठेवू नका. ऐकतोय की नाही हे त्याच्या प्रतिसादावरून ठरवा.

प्रश्न : नातवाला ऑटिझम आहे. सून नोकरी करते म्हणून झालं, असं नातेवाईक तोंडावर म्हणतात. ती खचली आहे. खरं काय? – एक आजी, सातारा

आजी, सुनेला हे उत्तर वाचून दाखवा. हा आरोप जुना आहे आणि खोटा ठरून अर्धं शतक होत आलं. अमेरिकेत बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनी ही अडचण जन्मजात असल्याचंच म्हटलं होतं. पुढे मात्र आईवडिलांच्या थंडपणाला दोष देण्याची लाट आली आणि तिने असंख्य आया पोळल्या. १९७७ साली इंग्लंडमध्ये २१ जुळ्या जोड्या तपासल्या गेल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. प्रत्येक जोडी एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेली. फरक होता तो जनुकांचा. नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी ही दिशा पक्की केली.

आणखी एक. पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या बाळांची दोन महिन्यांपासूनची नजर २०१३ सालच्या एका अभ्यासात मोजलेली होती. दोन महिन्यांचं असताना ती बाळं डोळ्यांकडे बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते हळूहळू कमी होत गेलं. हा उतार पाळण्यातच सुरू होतो आणि उपकरणाशिवाय दिसतही नाही. सुनेची नोकरी या हिशेबात कुठेच बसत नाही.

प्रश्न : मुलीचा एमआरआय केला. ‘नॉर्मल’ आला. मग दोष आहे कुठे? दुसरीकडे पुन्हा करावा का? – एक वडील, कोल्हापूर

पुन्हा करू नका. लहान मुलीला त्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागतं आणि हाती काही लागणार नाही. एमआरआय साधारण एक मिलिमीटरच्या ठोकळ्यापर्यंत दाखवतो. तेवढ्या ठोकळ्यात हजारो चेतापेशी आणि त्यांच्यामधले कोट्यवधी सांधे असतात. दोन पेशी जिथे निरोप देतात-घेतात त्या सांध्यातली फट मिलिमीटरच्या लाखाव्या भागात मोजावी लागते. ऑटिझमशी निगडित सापडलेल्या जनुकांपैकी बरीच याच सांध्याची आहेत. शँक-३ हे जनुक निरोप घेणाऱ्या बाजूचा सांगाडा उभा करतं, न्यूरोलिजिन दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतं. अशा ठिकाणचा बदल फोटोत उमटत नाही. घरातली वायर सैल असेल तर ती शहराच्या नकाशात दिसेल का? तसंच हे.

सांध्यांची छाटणी हाही मोठा मुद्दा आहे. बालपणी मेंदू गरजेपेक्षा जास्त सांधे बनवतो आणि न लागणारे हळूहळू काढून टाकतो. २०१४ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान झालेल्या मेंदूंचे नमुने तपासले. बालपणाच्या शेवटापर्यंत इतर मुलांमध्ये हे सांधे जवळपास निम्म्याने कमी झाले होते, ऑटिझम असलेल्यांमध्ये फक्त १६ टक्क्यांनी. नमुने थोडे होते, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण कल्पना करा, भाजी मंडईत सगळे एकाच वेळी ओरडताहेत आणि त्यातून एकाचा भाव ऐकायचा आहे. सांधे जास्त म्हणजे शहाणपण जास्त असं होत नाही, गोंगाट वाढतो. त्यातच मेंदूला चेतवणारे आणि आवरणारे संकेत यांचा तोल ढळला तर हा गोंगाट आणखी वाढतो. ऑटिझमबरोबर फिट्स येण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामागे हा तोल ढळणं हे एक कारण मानलं जातं.

एमआरआय कधी लागतो? फिट्स येत असतील, डोक्याचा घेर फार मोठा किंवा लहान असेल, शरीराची एक बाजू कमजोर असेल किंवा शिकलेलं सगळं वेगाने विसरत चाललं असेल, तेव्हा. त्याआधी दोन तपासण्या झाल्यात का बघा. एक, कानांची बेरा चाचणी (आवाजाला कान आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघणारी), कारण ऐकू न येणं आणि हाकेला ओ न देणं बाहेरून सारखंच दिसतं. दुसरी रक्ताची, क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे गळालेले किंवा जास्तीचे तुकडे शोधणारी) आणि फ्रॅजाइल एक्स या जनुकीय आजाराची. फ्रॅजाइल एक्समध्ये एका जनुकातली तीन अक्षरांची ओळ २०० पेक्षा जास्त वेळा गिरवली जाते आणि ते जनुक बंद पडतं. तो निघाला तर पुढच्या अपत्याआधी आणि मावशी-मामांच्या घरीही सल्ला घ्यावा लागतो. या तपासणीचा खरा उपयोग तिथे आहे.

प्रश्न : बी.एड.च्या नोट्समध्ये लिहिलंय की ऑटिझममध्ये ‘मिरर न्यूरॉन’ बिघडतात, म्हणून या मुलांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत. परीक्षेत हे लिहू का? – एक विद्यार्थिनी, अमरावती

मिरर न्यूरॉन, म्हणजे आरसा-पेशी, इटलीतल्या पार्मा विद्यापीठात १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूत सापडल्या. माकड शेंगदाणा उचलतं तेव्हा आणि दुसऱ्याला उचलताना बघतं तेव्हाही त्या पेटतात. त्यावरून ‘फुटका आरसा’ ही कल्पना निघाली. ती इतकी आकर्षक होती की पुरावा येण्याआधीच पुस्तकांत शिरली. तपासणीत ती टिकली नाही. समोरचा माणूस कप कशासाठी उचलतोय, हे स्वमग्न मुलांना समजतं, आणि ‘असं कर’ म्हटलं की बहुतेक जण नक्कलही करतात. आपण होऊन नक्कल कमी करतात, हा फरक आहे. तेव्हा ‘एक जुनी कल्पना, पुरावा कमकुवत’ असं लिहा.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. १९८५ साली लंडनमध्ये झालेली बाहुल्यांची चाचणी तुमच्या नोट्समध्ये असेलच. सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. ॲन ती काढून डब्यात लपवते. सॅली परत आली, तर ती गोटी कुठे शोधेल? ऑटिझम असलेल्या २० पैकी १६ मुलांनी डबा दाखवला. डाउन सिंड्रोमच्या १४ पैकी १२ मुलांनी आणि इतर २७ पैकी २३ मुलांनी टोपली दाखवली. ‘तिला काय माहीत आहे’ हे ‘मला काय माहीत आहे’ यापासून वेगळं ठेवण्याचं काम उजव्या कानाच्या वर-मागचा भाग आणि कपाळामागचा मधला भाग मिळून करतात.

पण ‘दुसऱ्याचं मन कळत नाही’ हा निष्कर्ष घाईचा होता. पुढे दिसलं की इतर मुलं चार वर्षांच्या भाषेवर ही चाचणी पार करतात, तर स्वमग्न मुलांना त्यासाठी साधारण नऊ वर्षांच्या पातळीची भाषा लागते. म्हणजे ती शब्दांच्या आधाराने, हिशेब मांडून तिथे पोहोचतात. उत्तर येतं, पण वेळ लागतो, आणि चालू गप्पांत तेवढा वेळ कोणी देत नाही. २०१२ साली स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी मांडलं की गैरसमज दुहेरी असतो : आपल्यालाही त्यांचं मन वाचता येत नाही. २०२० च्या एका प्रयोगात कानगोष्टींसारखी साखळी करून गोष्ट पुढे सांगायला लावली. फक्त स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट शेवटपर्यंत पोहोचली. परीक्षेत हे जरूर लिहा, आणि वर्गात शिरताना लक्षातही ठेवा.

प्रश्न : तिसरीतला एक मुलगा गणितात हुशार आहे. प्रश्न विचारला की गप्प राहतो, दुसऱ्याला विचारलं की मागून उत्तर देतो. खो-खोत तर गोंधळून रडायलाच लागतो. – एक शिक्षक, जळगाव

तुमचं निरीक्षण अचूक आहे. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. वेगवेगळ्या दहा भाषा मोजून हा आकडा आलाय. एक शब्द मेंदूत जुळवून तोंडाशी आणायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ते कुठे संपणार याचा अंदाज बांधून उत्तर तयार ठेवतो. स्वमग्न मुलाला हा अंदाज बांधणं जड जातं. त्यात ओठांची हालचाल आणि आवाज एकाच क्षणाचे आहेत हे जुळवण्याची त्याची पकडही सैल असते, त्यामुळे बोलणं अंधुक पोहोचतं. तो उत्तर देतो, पण तोवर तुम्ही पुढे गेलेले असता.

खो-खो बघा. आठ गडी एकाआड एक उलट तोंडं करून उकिडवे बसलेले. मागून ‘खो’ ऐकायचा, पाठीवरची थाप ओळखायची, उठायचं, दिशा एकदाच ठरवायची कारण मागे फिरता येत नाही, पळणारा कुठे झुकतोय ते हेरायचं, आणि चारी बाजूंनी आरडाओरडा. सामाजिक मेंदूची एवढी कठीण परीक्षा दुसऱ्या खेळात क्वचितच असेल. त्याला आधी दोघांच्या खेळात घ्या, नियम खडूने फळ्यावर लिहून द्या, गुण मोजायचं काम द्या. मैदानावर उतरवायचंच असेल तर पहिल्या आठवड्यात फक्त उठण्याची दिशा, शांत मैदानावर.

वर्गात प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. मध्येच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारू नका, त्याची जुळवाजुळव पुन्हा शून्यापासून सुरू होते. आपण मदत म्हणून करतो तीच ही सर्वांत मोठी चूक. लिहून उत्तर दिलं तरी चालू द्या. फळ्याकडे तोंड करून एकाच वेळी बोलू आणि लिहू नका. मधल्या सुट्टीत त्याने कान झाकले तर पाच मिनिटं ग्रंथालयात बसू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे या सोयींना कायद्याचा आधार आहे.

प्रश्न : माझ्या भाच्याला विल्यम्स सिंड्रोम आहे. तो रस्त्यावर कुणालाही मिठी मारतो. हे ऑटिझमच्या उलट म्हणायचं का? – एक मावशी, बेळगाव

वरवर पाहता हो. सातव्या गुणसूत्रावरचा सुमारे २५ जनुकांचा एक तुकडा गळाला की विल्यम्स होतो. धमकावणाऱ्या चेहऱ्यापुढे या व्यक्तींचा अमिग्डला फारसा पेटत नाही, त्यामुळे अनोळखी माणसाबद्दलचा सावधपणाच येत नाही. नवल म्हणजे तोच तुकडा दुप्पट झाला तर बोलायला उशीर, अनोळखी माणसांची भीती आणि काहींमध्ये ऑटिझम दिसतो. जनुकांची मात्रा कमी-जास्त झाली की माणसांबद्दलची ओढ कशी बदलते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

पण मिठी मारणं म्हणजे मैत्री टिकवणं नव्हे. समोरच्याचा हेतू ओळखणं त्यालाही अवघड जातं, म्हणून फसवणुकीचा धोका मोठा. ‘मिठी घरच्यांना, हात ओळखीच्यांना, नमस्कार बाकी सगळ्यांना’ हा नियम चित्रं लावून रोज गिरवा. हृदयाचा इको आणि रक्तदाब तपासणी चुकवू नका, कारण महाधमनी अरुंद असू शकते. कुठलीही भूल देण्याआधी डॉक्टरांना निदान सांगा.

प्रश्न : मुलीला एडीएचडी आहे. मैत्रिणी टिकत नाहीत. हाही ऑटिझमच का? – एक आई, पुणे

दोन्ही एकत्र असू शकतात, पण अडचणीची जागा वेगळी असते. एडीएचडीत, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलता जास्त असते त्या स्थितीत, मुलीला नियम माहीत असतो, ‘थांब’ म्हणणारा कपाळामागचा लगाम उशिरा लागतो, म्हणून ती मध्ये बोलते, डाव सोडून जाते. शांतपणे विचारल्यावर ‘मी मध्ये बोलले’ हे ती सांगू शकते का ते बघा. सांगू शकत असेल तर एडीएचडीचे उपचार नीट लागू झाल्यावर मैत्रीही बरीच सावरते.

प्रश्न : ऑक्सिटोसिनचा नाकातला स्प्रे आणि स्टेम सेल, दोन्हींची जाहिरात आली आहे. कर्ज काढायची तयारी आहे. – एक वडील, ठाणे

कर्ज काढू नका. ऑक्सिटोसिन हे शरीरातलंच एक संप्रेरक जवळीक वाढवतं हे प्राण्यांत दिसलं, म्हणून आशा होती. २०२१ साली अमेरिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली : ३ ते १७ वर्षांची २९० मुलं, २४ आठवडे रोज स्प्रे. औषध नसलेल्या स्प्रेपेक्षा काडीचाही जास्त फायदा दिसला नाही. दोन्ही गट थोडे सुधारले, आणि जाहिरातींतले ‘पालकांचे अनुभव’ असतात ते याच सुधारणेचे.

स्टेम सेलचं, म्हणजे इतर पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींचं, तर कारणच बसत नाही. चेतापेशींमधल्या सांध्याची घडण जन्माआधीपासून वेगळी झालेली आहे, सुईने टाकलेल्या पेशी जाऊन त्या जोडण्या नव्याने विणत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारांत स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले, की समजून जा.

प्रश्न : थेरपिस्ट आठवड्यातून एकदाच मिळतो. घरी काय करू? आणि फक्त इंग्रजीत बोला असं सांगतात, ते बरोबर का? – एक आई, म्हापसा

तुमच्या गोव्यातच याचं उत्तर शोधलं गेलंय. ‘संगाथ’ संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर एक चाचणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांना त्यांच्याच खेळण्याचा व्हिडिओ दाखवून शिकवलं. आईवडील मुलाच्या तालावर बोलू लागले आणि मुलं आपण होऊन जास्त संवाद साधू लागली. एकत्र लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. चमत्काराची अपेक्षा ठेवू नका, पण पाया भक्कम आहे.

रोज अर्धा तास काढा, सुरुवात दहा मिनिटांनी करा. टीव्ही बंद, खेळणी दोन-तीनच. त्याच्या उंचीवर बसा. पहिली दोन मिनिटं अजिबात बोलू नका, तो काय बघतोय ते बघा. तो गाडी उलटी करून चाक फिरवत असेल तर तुम्हीही दुसरं चाक फिरवा आणि म्हणा, ‘फिरतंय.’ मग थांबा. ‘हा रंग कोणता? गाडी कशी चालवतात?’ असले प्रश्न नकोत. प्रत्येक प्रश्नासरशी त्याला स्वतःचं लक्ष सोडून तुमच्याकडे यावं लागतं, आणि ओझं तिथेच वाढतं. त्याच्या लक्षावर तुमचा शब्द जाऊन बसला की दोन गोष्टी एकाच वेळी जुळवायच्या राहत नाहीत.

आठवड्यातून एकदा फोन कपाटावर टेकवून तीन मिनिटं चित्रण करा. रात्री बघताना दोन रकान्यांत खुणा करा : तो करत होता त्याबद्दल बोललेलं एकीकडे, सूचना आणि प्रश्न दुसरीकडे. पहिल्या आठवड्यात दुसरा रकाना भरून वाहतो, सगळ्यांचाच.

इंग्रजीबद्दलचा सल्ला मानू नका. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा मागे पडते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुम्ही ज्या भाषेत न अडखळता लाड करता, रागावता, गाणं म्हणता, ती मराठी असो की कोंकणी, त्याच भाषेत तुमच्या आवाजाचे चढउतार खरे उतरतात, आणि त्याला वाचायचे आहेत ते तेच.